कंट्रोलरकाकांची वेळापत्रकं

आमच्या वरच्या मजल्याला चार महिन्यांपासून कुलूप आहे. आमच्या म्हणजे घर आमचं नव्हे, आम्ही खालचे भाडेकरू. पण दहा वर्षं एका छताखाली काढली की माणूस भाडं भरूनसुद्धा "आमचं" म्हणायला लागतो. मालक वर राहायचे. काकू गेल्यापासून एकटेच. आता ते पुण्याला मुलीकडं असतात, आणि ते तिथं कसे गेले हे सांगायचं तर त्यात माझं थोडं कौतुक यायला हवं होतं. ते येत नाही. सरळ सांगतो.

मालक एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर जाळीच्या खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि भोंग्यावरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी भोंगा काही उतरला नव्हता. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी ते त्याला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला धरून बोलायचे. मी तहसील कचेरीत कारकून. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी भाड्याच्या कागदापुरतं वापरलं. एरवी वरून हाक यायची, "ओ कारकून," आणि समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघायचं.

निवृत्तीच्या वेळी जावयानं त्यांना पहिला स्मार्टफोन दिला. लोक नवा फोन हातात आला की कॅमेरा बघतात, गाणी बघतात. काकांनी जावयाला विचारलं, "ह्याचं वेळापत्रक कुठंय?" जावई पुण्याचा, हुशार. त्यानं समजावून सांगितलं की फोनच्या आत एक सिस्टीम असते, ती सगळं चालवते आणि वर्षा-दीड वर्षाला तिचं नवं व्हर्जन येतं. काकांना पटलं. "म्हंजे उन्हाळी आन् हिवाळी," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी लांबोडकी वही आणली.

पुढं जावयानं दोनदा फोन बदलून दिला, वही तीच राहिली. त्या वहीत चार रकाने होते. पहिल्यात बटनाचं नाव, दुसऱ्यात जुनी जागा, तिसऱ्यात नवी जागा, आणि चौथ्यात ती कुणाला कळवली त्याची नोंद. अपडेट आलं की काका ते लगेच घ्यायचे नाहीत. आधी आंघोळ. मग पाटावर फोन. तेरखेड्याचा फटाका पेटवून माणूस मागं सरकतो तसे ते बटन दाबून हातभर मागं सरकायचे आणि फोन बंद होऊन पुन्हा उजळेपर्यंत त्याच्याकडं लांबूनच बघत राहायचे. उजळला की दिवसभर एकेक बटन तपासायचं, वहीत मांडायचं. आणि संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून पुकारायचं.

"लक्ष द्या. फोटोचा डबा, जो आजवर फलाट क्रमांक दोनला लागत होता, तो आजपासून फलाट क्रमांक चारला लागंल. गजराची घंटी तात्पुरती सापडत न्हाय. शोध चालू आहे."

खाली आमची ही भाजी निवडत बसलेली असायची. ती तशीच मान खाली घालून म्हणायची, "काका, माझ्या फोनचं काय?"

"तुमची कंपनी येगळी. तुमची गाडी तुमच्या आगारातून सुटंल."

सुरुवातीला त्या व्हर्जनांना गोड पदार्थांची नावं असायची. एकदा काका जिना उतरून खास माझ्याकडं आले. "कारकून, मार्शमेलो म्हंजे काय वो?" आता, मला माहीत नाही हे वाक्य माझ्या तोंडातून सहज निघत नाही. कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा आजार आहे. मी म्हणालो, "बत्तासा. इंग्रजी बत्तासा." त्यांनी तसं वहीत लिहिलं. पुढं वर्षभर ते स्टँडवरच्या जुन्या ड्रायव्हरांना सांगत फिरले की माझ्या फोनला सध्या बत्तासा लागलाय.

त्या बत्ताशात फोन माणसाला परवानगी विचारायला लागला. फोटो बघू का, आवाज ऐकू का, तुम्ही कुठं आहात ते पाहू का. काका हरखून गेले. "छत्तीस वर्षं नोकरी केली, मला कुणी कायबी इचारलं न्हाय. बदली झाली की कागद. हा बगा, इचारतोय." प्रत्येक परवानगीला ते चष्मा लावायचे, विचार करायचे, आणि अधिकार हातात आलेला माणूस जे करतो तेच करायचे, नाकारायचे. महिनाभर त्यांचा कॅमेरा चालेना, कारण कॅमेऱ्याला कॅमेरा वापरायची परवानगी त्यांनीच नाकारलेली होती.

पुढं कंपनीनं ती गोड नावं बंद केली आणि नुसते आकडे ठेवले. काकांनी दोन दिवस वही उघडली नाही. "लेकराचं नाव ठिवायचं सोडून नंबर देतेत व्हय?" म्हणाले.

त्यांचं एक वाक्य मात्र मला फार आवडायचं. ढोकीच्या स्टँडवर असताना कारखान्याचा हंगाम लागला की उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते अडायचे, गाड्यांच्या वेळा बदलायच्या, आणि लोक खिडकीशी येऊन भांडायचे. काका कधी उलटून बोलले नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्याच्या हातात जुना कागद असतो वो. येळ बदलल्याली असती. मग परवाशाची चूक कशी धरायची?"

हे वाक्य मी कचेरीत स्वतःचं म्हणून वापरलंय.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेराव्यानंतर मुलगी म्हणाली, बाबा, आता चला. पुण्यात तिचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. काका म्हणाले, न्हाय. ती रडली, जावयानं समजावलं, मी मध्ये पडलो आणि दोघांकडून बोलून घेतलं. शेवटी काकांनीच तोड काढली. रोज सकाळी साडेसहाला ते मुलीला व्हिडिओ कॉल करतील. स्वतः, स्वतःच्या बोटानं, कुणाची मदत न घेता. जोवर तो कॉल येतोय तोवर ते इथं लोहाऱ्यातच राहणार. ज्या दिवशी ते त्यांना जमेनासं होईल त्या दिवशी तिनं गाडी घेऊन यावं, ते गुमान बसतील.

मुलगी माझ्याकडं वळली. "दादा, तुम्ही खाली आहात. त्यांना नाही जमलं तर मला सांगाल ना?"

"सांगीन की," मी म्हणालो. असल्या वेळी मी लगेच हो म्हणतो.

तेव्हापासून अपडेट ही काकांची गंमत राहिली नाही, परीक्षा झाली. आधी ते दिवसभर वही मांडत. आता अपडेटच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून सराव करायचे. मुलीचं चित्र कुठं, हिरवं बटन कुठं, कॅमेऱ्याचं कुठं. साडेसहाला एक सेकंद इकडं तिकडं नाही. वर कॉल लागला की खाली आम्हाला त्यांचा आवाज यायचा, "हां, दिसतंय का? मी हाय." बस. पुढं हवापाणी. पण त्या "मी हाय"वर आमचं घर जागं व्हायचं. ही चहा टाकायची.

एकदा मोठा घोळ झाला. स्क्रीनच्या खाली तीन खुणा असायच्या, त्रिकोण, गोल, चौकोन. त्रिकोण दाबला की मागं जाता यायचं. एका व्हर्जनात कंपनीनं तिन्ही काढून टाकल्या. सकाळी सव्वासहाला काका बनियनवर आमच्या दारात.

"कारकून, मागं जायचं बटन काढलं त्यांनी."

मी फोन घेतला. मला काही कळत नव्हतं, पण फोन हातात घेतल्यावर कळत नाही असा चेहरा मला करता येत नाही. मी तीन-चार ठिकाणी दाबलं आणि फोन विमानात बसल्यासारखा बंद करून टाकला, नेटवर्कच गेलं. सहा अठ्ठावीस. काका भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. ही पिठाच्या हातानं बाहेर आली, माझ्याकडं एकदा बघितलं, विमान बंद केलं, मग बोट स्क्रीनच्या कडेवरून आत सरकवलं. पान मागं गेलं.

"बटन नाही काका, नुसती कड ओढायची."

काकांचं बोट कोरडं, घट्ट्यांचं. कड ओढली तर फोनला कळायचं नाही. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ओढलं. गेलं मागं. तिथंच आमच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी मुलीचं चित्र दाबलं. साडेसहा. "हां, दिसतंय का? मी हाय."

मागनं मी बनियनवर दिसत होतो, असं ताईनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी पुकारलं नाही. जिन्यावर बसून मला म्हणाले, "मागं जायची खूण तरी ठिवायची. म्हाताऱ्या माणसानं काय करावं?" दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस ते कड ओढायचा सराव करत होते. जमलं. सहासष्टाव्या वर्षी जमलं. मी त्या वयात काय करीन याचा अंदाज मला माझ्या आजच्या वयावरून येतो.

नंतर एका व्हर्जनात कुलुपाच्या पानावर घड्याळाचे आकडे तळहाताएवढे झाले. ते त्यांना फार आवडले. स्टँडवरच्या घड्याळाची आठवण आली म्हणाले. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की काकांच्या फोनला आलेलं ते शेवटचं व्हर्जन होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी ते सकाळी खाली आले. "कारकून, नवीन लागलं. पोरीचं चित्र हलवलं बगा."

चित्र जागेवरच होतं. मी दाखवलं. "इथंच की काका."

"आत्ता आलं. मघा नव्हतं."

मी हसलो. कंपन्यांना उद्योग नाहीत म्हणालो आणि कॉल लावून दिला. माझ्या बोटानं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग चार दिवसांनी पुन्हा. एका सकाळी मी वर गेलो तर काका फोन कानाला लावून खिडकीत उभे. बराच वेळ झाला, बोलेनात. मी फोन बघितला. त्यांनी मुलीचा नंबर कॅल्क्युलेटरमध्ये टाकला होता आणि बरोबरचं चिन्ह दाबून ती बोलायची वाट बघत होते.

मी काय केलं? तर ही गोष्ट कचेरीत चहाच्या वेळी सांगितली. रंगवून. लोक हसले म्हणून दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेत पुन्हा सांगितली.

ताईचा मला फोन यायचा. "दादा, साडेसहा होऊन गेले, बाबांचा कॉल नाही."

"अपडेट आलंय ताई. सगळं उलटपालट केलंय कंपनीनं. थांबा, मी लावून देतो."

"परत? मागच्या आठवड्यातच झालं ना?"

"आता लई येतात."

ती विश्वास ठेवायची. तिचा बाप बारा वर्षं अपडेटविषयीच बोलत आला होता, मग का नाही ठेवणार? मीही ठेवला. खरंच ठेवला, असं आज म्हणतो. आमची ही एकदा रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "काका आज मला तीनदा विचारत होते, नळ आला का म्हणून. नळ चालूच होता."

"वय झालंय त्यांचं."

"आणि त्यांच्या फोनला एवढी अपडेटं येतात, मग ती फक्त त्यांनाच कशी दिसतात?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हिनं पोळी वाढली आणि गप्प बसली. ही गप्प बसली की बहुतेक वेळा मी चुकलेलो असतो, पण ते मला दोन-चार महिन्यांनी कळतं.

या खेपेला आठ महिन्यांनी कळलं.

एका रविवारी सकाळी सहाला मी ठरवून वर गेलो. मनात मोठं उपकाराचं काम होतं. फोनच्या आत जायचं आणि अपडेट येणंच कायमचं बंद करून टाकायचं, म्हणजे म्हाताऱ्याचा छळ थांबेल. काका खुर्चीत बसले होते, फोन पुढ्यात, वही मांडीवर. मला बघून बरं वाटलं त्यांना. "बगा जरा. आजबी बदललंय."

मी सेटिंगमध्ये गेलो. सगळ्यात खाली सिस्टीम, त्यात अपडेट. शेवटचं अपडेट कधी आलं त्याची तारीख तिथं असते. ती अडीच वर्षांपूर्वीची होती. मला वाटलं मी चुकीच्या पानावर आलोय. अपडेट शोधायचं बटन दाबलं. चक्र फिरलं आणि तीच तारीख पुन्हा आली. मी बाहेर गॅलरीत जाऊन मोबाईलच्या दुकानदाराला त्याच्या घरी फोन लावला, मॉडेल सांगितलं.

"ते जुनं झालं साहेब," तो झोपेतच म्हणाला. "कंपनीनं कवाच बंद केलंय. त्याला आता काही येत न्हाय."

"मधी एखादं आलं असंल."

"येणारच न्हाय म्हणतोय की."

मी आत आलो. काकांच्या मांडीवरची वही घेतली. ती मी कधी नीट वाचली नव्हती. लोकांची वाक्यं ढापतो, वह्या कुठं वाचतो. गेल्या आठ महिन्यांत काकांनी अकरा व्हर्जनं नोंदवली होती. आकडे त्यांनीच पुढं पुढं दिलेले, सुवाच्य अक्षरात, रकाने आखून. सुरुवातीच्या पानांवर फोनच्याच गोष्टी होत्या. पोरीचं चित्र, जुनी जागा वर डावीकडं, नवी जागा सापडली नाही. हिरवं बटन, तेच. मग पान उलटलं तर पहिल्या रकान्यात साखर होती. जुनी जागा खालचा डबा. नवी जागा, आणि पुढं नुसती रेघ. न्हाणीची कडी, आधी आतून होती. गॅसची चावी, कुणीतरी उलटी फिरती केली आहे, दोनदा वास आला. स्टँडकडं जायचा रस्ता, जुनी जागा मारुतीपासून उजवीकडं, नवी जागा चौकशी चालू.

त्याच्या खाली मी होतो. खालचा भाडेकरू, जुना गेला, नवा आला. चेहरा जुन्यासारखाच. चौथ्या रकान्यात, कुणाला कळवलं तिथं, काहीच नव्हतं.

आठ महिने हा माणूस एकट्यानं सराव करत होता. पहाटे उठून, घर नावाचा फोन पुन्हा पुन्हा पाठ करत होता आणि त्याला वाटत होतं, रोज कुणीतरी ते बदलून जातं. त्यात नवल काय? बदललं की परवाशाची चूक नसते, एवढंच तर त्याला ठाऊक होतं. आणि मी खाली बसून व्हय व्हय म्हणत होतो. दोनदा गॅसचा वास आला होता, तेव्हा माझी बायकोमुलं खालीच होती.

"काय काय हलवलं त्यांनी?" काकांनी विचारलं. पेन त्यांच्या हातात होतं. "सांगा, मांडून घेतो."

मी वही मिटून त्यांच्या मांडीवर परत ठेवली. साडेसहा झाले. त्यांनी फोन उचलला, बोट जिभेला लावलं, स्क्रीनवर फिरवलं आणि परत खाली ठेवलं. चित्र त्यांच्या नजरेसमोर होतं. वर, डावीकडं. ताईच्या कडेवर तिची लहान मुलगी, आणि दोघी हसताहेत. काका त्या दोघींकडं बघत होते आणि दोघींना शोधत होते.

सहा चाळीसला माझ्या खिशातला फोन वाजला.

"दादा," ताई म्हणाली, "आज पण अपडेट का?"

काका माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत भीती होती की नव्हती, मला सांगता येत नाही. वाट बघत होते एवढं खरं. त्यांच्यासमोर एवढंसं खोटं आणखी एकदा बोललो असतो तर ती "बरं" म्हणाली असती, मी कॉल लावून दिला असता, आणि ते लोहाऱ्यात राहिले असते. आणखी आठ दिवस, किंवा महिना. त्यांच्या मनासारखं.

"नाही ताई," मी म्हणालो. "फोन तसाच आहे. अडीच वर्षांत त्यात काही बदललेलं नाही."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी जिन्याकडं तोंड केलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. "आम्ही निघतो," एवढंच, आणि फोन ठेवला.

ते दुपारी तीनच्या सुमाराला पोचले. ताईनं कपड्यांची एक बॅग भरली, औषधं घेतली, वही घ्यावी की नाही म्हणून हातात धरून उभी राहिली आणि घेतली. माझ्याशी ती नीट बोलली, त्याचा त्रास अजून होतो. हिनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मी जिन्यापाशी उभा होतो. मला वाटत होतं काका आता अडून बसतील. सहा वर्षं ज्यासाठी ते पहाटे उठले, कड ओढायला शिकले, त्यासाठी निदान एकदा तरी भोंग्यातला आवाज काढतील, मला शिव्या देतील की कारकून, तुम्ही फितूर झालात. मी त्याची तयारी केली होती.

ते एकेक पायरी उतरून आले. जावयानं गाडीचं दार उघडलं. काकांनी चपला नीट केल्या, आत बसले, ताईनं पट्टा लावला तेव्हा हात वर धरून बसले. मग काच खाली होती म्हणून माझ्याकडं बघून ओळखीचं हसले, आणि गाडी सुरू झाली. ती कुठं चाललीय, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.